आक्काचे नवे ब्रेक

शंभूची पिकअप जत्रेच्या शर्यतीत पाझर तलावात गेली. नुसती गेली नाही, आत बसलेल्या दोन माणसांसकट गेली, आणि पाणी स्टिअरिंगला लागलं तेव्हा कुठं थांबली.

असं काही झालेलं नाही. वरच्या ओळी वाचल्या असतील तर विसरून जाव्यात. शंभूचंही हेच म्हणणं आहे आणि गाडी त्याची असल्यामुळं आधी त्याचं म्हणणं धरायला पाहिजे. तेव्हा गाडी अजून कोरडी आहे, सास्तुरात घराम्होरच्या लिंबाखाली उभी आहे आणि गोष्ट आत्ता सुरू होत आहे.

उभी आहे असं म्हटलं खरं, पण ती उभी राहायची कशी ते सांगितलं पाहिजे. ही पिकअप शंभूपेक्षा वयानं मोठी, म्हणून घरात तिला आक्का म्हणत. पळायला आक्का वाघीण होती. थांबणं मात्र तिच्या स्वभावात नव्हतं. चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक. पायात असंल नसंल तेवढा जोर घालून पेडल तीनदा हाणायचं, मग आक्का जरा विचारात पडायची. पुढचं काम उकिरड्याचं. वळणावरचा हा उकिरडा शंभूनं मुद्दाम ऐसपैस राखला होता. गावातले बाकीचे उकिरडे कधीच शेतात पांगले, शंभूचा पांगला नाही, कारण ते खत नव्हतं, तो ब्रेकचा सुटा भाग होता. गल्लीतल्या लोकांनाही सवय झाली होती. आक्काचा हॉर्न ऐकला की बाजेवर बसलेली म्हातारी माणसं पाय वर घेत. पाय वर घेतल्यानं पिकअपपासून बचाव होतो असं कुणी सिद्ध केलं नव्हतं, पण रीत होती.

शंभूचा जीव या गाडीत का अडकला होता, त्याला कारण होतं. भूकंपाच्या सकाळी सारं सास्तूर मातीत बसलेलं असताना त्याचा बाप ज्ञानोबा, कळा लागलेल्या आपल्या बायकोला, धुरपदाबाईला, आक्काच्या मागच्या हौद्यात गोधडीवर निजवून उमरग्याकडं निघाला. अर्ध्या वाटेत शंभू झाला. ज्ञानोबा सांगायचा, पोराचं रडणं ऐकून म्या ब्रेक दाबला होता. आक्का थांबली ती दवाखान्याच्या भिंतीला. धुरपदाबाई आता नाही. तिचा फोटो घरात आहे, त्याला हार आहे, पण आईची लईच आठवण आली तर शंभू फोटोपुढं बसत नाही, हौद्यात जाऊन बसतो. आपण जन्मलो ती जागा दारात उभी असणं हे भाग्य फार थोड्यांना मिळतं. दवाखान्यातली खाट कुणी घरी नेऊ देत नाही.

तर अशा या आक्कानं गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पाखऱ्याचा पाय मोडला. पाखऱ्या म्हणजे ज्ञानोबाचा बैल. तो उकिरड्यापुढं उभा होता, म्हणजे शास्त्रानं बघितलं तर ब्रेक आणि गाडी यांच्या मधोमध. बैल वाचला, पण लंगडा झाला. ज्ञानोबानं सारी उमर बैलगाडी हाकण्यात घालवली होती. तो चिडला नाही, ओरडला नाही. जेवला, पान खाल्लं, एसटीनं उमरग्याला गेला आणि गौरीशंकर भंगारवाल्याला शब्द देऊन आला, की जत्रा झाली की येणाऱ्या सोमवारी गाडी घेऊन जा.

ज्ञानोबाचा शब्द म्हणजे आक्कासारखाच. एकदा निघाला की थांबत नसे.

"बा, आक्का हाय ती," शंभू म्हणाला.

"म्हनून तर. आज बैलाचा पाय गेला. उद्या तुझा जाईल. मग काय करू, उकिरडा वाढवू?"

"थांबती केली तर?"

ज्ञानोबा हसला. पोळ्यापासून पहिल्यांदाच हसला आणि ते हसू शंभूला शिवीपेक्षा लागलं.

"जत्रंत थांबवून दाव. समद्या गावाम्होरं. फक्कीच्या आत थांबली तर गौरीशंकराला म्या सोता सांगीन, शब्द परत दे म्हनून. भाईर गेली तर सोमवारी तिला दोर तू बांधायचास. तुझ्या हातानं."

फक्की म्हणजे मैदानावर आखलेल्या चुन्याच्या दोन रेघा. जत्रेत पहिल्यापासून बैलगाड्या पळायच्या. आता पोरांच्या हट्टापायी जुन्या चारचाकीही पळवतात. एकेक गाडी सोडायची, सगळ्यांत कमी वेळ जिचा ती पहिली, पण आल्यावर दोन रेघांच्या मधेच उभं राहायचं. दुसरी रेघ ओलांडली की बाद. रेघेपलीकडं उताराचा माळ आहे आणि माळाच्या टोकाला पाझर तलाव. तलावाचा इथं नुसता उल्लेख केला. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही.

शंभूच्या मनात आलं, हळू गेलं की झालं. बापानं ते तिथंच मनातून उपटलं.

"आन् रांगत जायचं न्हाय. पळवायची. बैल रांगत आला तर त्याला थांबला म्हनत न्हाईत, दमला म्हनत्यात."

मग शंभूनं ते केलं जे बुडत्या माणसानं करायचं असतं. (बुडत्या हा शब्द नुसता म्हणून आला आहे.) तो सोलापूरच्या जुन्या बाजारात गेला, अपघातात चेपलेल्या एका नव्या पिकअपच्या पुढच्या चाकांच्या डिस्क काढून घेतल्या, त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर आणि त्यांत बसणारे नवे पॅड घेतले, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर घेतला, नळ्यांत ऑईल ढकलणारं मास्टर सिलिंडर घेतलं, आणि एसटीत हे सगळं मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, काय हाय? शंभू म्हणाला, ब्रेक. कंडक्टर म्हणाला, आमच्या ड्रायव्हरला दाखवा जरा.

काम लिंबाखाली सुरू झालं. मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ होता. तो हसत हसत नेमकं हेच करत होता. त्याच्याकडं गाडी उचलायचं यंत्र होतं. शंभूकडं लाकडाचे ओंडके आणि महेश्वरी होती.

महेश्वरी ही शंभूची बायको. ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून द्यायचं काम करायची. दिवसभर तीच भाषा टाईप करून करून तिला राग आला की तोंडातून परिपत्रकच यायचं.

"सदर गाडीखालून आपण भाईर कधी येणार, याचा लेखी खुलासा व्हावा," ती म्हणाली. "जेवण दोन येळा गरम केलंय."

"नट बसंना गं."

"मग बसू नका म्हनावं त्याला. उभ्यानंच जेवा."

पण ती हसली नव्हती. तिला माहीत होतं, हा माणूस रात्री झोपेत पाय हाणतो, तीनदा, पेडल हाणल्यागत. नंतर दचकून उठतो आणि विचारतो, थांबली का? ती म्हणायची, थांबली, निजा. लग्नापासून ती एवढं एकच खोटं बोलत आली होती.

नळ्या जोडल्या, ऑईल भरलं आणि मग हवा काढायची वेळ आली. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पेडल भुसभुशीत लागतं, म्हणून एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करून हवा सोडायची. महेश्वरी वर बसली, शंभू खाली.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलं."

"सोड!"

"काय सोडू? संसार?"

"अगं पेडल सोड! आता परत दाब. जोरात! अजून जोरात!"

भिंतीपलीकडून नागूबाईनं हाक दिली, "महेश्वरे, सुटका झाली का गं? काय झालं, पोरगा का पोरगी?"

"ब्रेक झालाय, मावशी!"

"असू दे, असू दे. पयला हाय."

ज्ञानोबा गोठ्यात पाखऱ्याच्या पायाला तेल चोळत बसलेला असायचा. तो लिंबाकडं बघत नसे. पण कान म्हाताऱ्या माणसाच्या ताब्यात नसतात. ते आपले आपण वळत होते.

शंभूनं आक्का लोहाऱ्याच्या रस्त्यावर काढली. पुढं वळणाला रस्त्यात एक म्हैस उभी होती. शंभूनं सवयीनं कुलदैवताचं नाव घेतलं, सवयीनं सगळं अंग पायात ओतलं आणि पेडल हाणलं. दुसऱ्यांदा हाणायची पाळीच आली नाही. आक्का उभी राहिली. जागच्या जागी, शाळेतल्या पोरानं उभं राहावं तशी. शंभूचं कपाळ काचेवर आपटलं, कारण या गाडीत आजवर कुणालाही असं थांबवण्यात आलं नव्हतं.

तो खाली उतरला आणि म्हशीच्या पाया पडला. मग हौद्याच्या कडेला डोकं टेकून हमसून हमसून रडला. म्हैस बघत राहिली. तिनंही बहुतेक गावात कुणाला सांगितलं नाही.

नव्या ब्रेकला आधी थोडं रगडावं लागतं. पॅड आणि डिस्क एकमेकांच्या अंगवळणी पडेपर्यंत गाडी पळवायची, थांबवायची, पुन्हा पळवायची. शंभू दिवस मावळेपर्यंत थांबत होता. थांबायची इतकी हौस आली होती की तो कारण नसताना थांबला, बाभळीपाशी थांबला, मैलाच्या दगडापाशी थांबला, एका अनोळखी माणसापाशी थांबून त्याला म्हणाला, "काय न्हाय, नुसतं थांबलो." फक्त प्रत्येक थांब्याला ब्रेक कर्कश ओरडत होते. कुंईईई. नवे पॅड आणि वापरलेल्या डिस्क, कधी कधी ओरडतात. त्यात बिघडलेलं काही नसतं.

ते ओरडणं दारापर्यंत आलं. उकिरड्याच्या चांगलं अलीकडं आक्का उभी राहिली. गोठ्यातून ज्ञानोबा बाहेर आला. आधी त्यानं उकिरड्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग मधल्या मोकळ्या जागेकडं.

"बोंबलती लई," तो म्हणाला.

"नवे हायेत बा. बोलनारच."

"माझी गाडी जलमात कधी कुरकुरत मैदानात गेली न्हाय. लोक म्हनतील, ज्ञानोबाच्या घरात वंगण न्हाय का काय."

शंभू हसला. अट घातल्यापासून बा गाडीविषयी पहिल्यांदा काही बोलला होता, एवढ्यातच त्याचं पोट भरलं. खरं तर त्यानं तिथंच बापाला समोर बसवून ब्रेक म्हणजे काय हे नीट सांगायला पाहिजे होतं. पण बाप बोलायला लागला की त्याला अडवायचं कसं, त्याचे ब्रेक शंभूकडं कधीच नव्हते.

जत्रेच्या दिवशी माळ माणसांनी भरला होता. समितीचे अध्यक्ष बिभीषण आबा सकाळपासून माईकवर होते. त्यांनी माईक एकदा धरला की देवाच्या आरतीलाही सोडत नसत. बांधावर गौरीशंकर येऊन बसला होता, हातात उसाच्या रसाचा ग्लास. तो आक्काकडं अशा नजरेनं बघत होता जशी नजर फक्त सोयरीक जुळवणाऱ्याची आणि भंगारवाल्याची असते. सोमवार शंभूला बांधावर रस पीत बसलेला दिसत होता.

चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे होते. शंभू समितीच्या मंडपात गेला. परत आला तर गाडीपाशी ज्ञानोबा उभा. धुतलेलं धोतर, फेटा, आणि फेट्याच्या शेमल्याला तो हात पुसत होता.

"नंबर कितवा?"

"शेवटचा."

"बरं झालं. लोक शेवटचंच ध्यानात ठेवत्यात." मग तो दार उघडून आत बसला. पाखऱ्याचा पाय मोडल्यापासून तो आक्कात पहिल्यांदा बसत होता. "म्या बी येतो."

"बा, तुमी?"

"माझीच गाडी हाय. चल. आता बोलायची न्हाय ती."

शंभूनं बाहीनं डोळे पुसले आणि चावी फिरवली. आता बोलायची न्हाय, म्हणजे आता आक्काविषयी कुणी वाईट बोलणार नाही, असा त्यानं अर्थ घेतला. रडवेल्या माणसानं अर्थ काढू नयेत.

"आन् आता येत आहे," बिभीषण आबा माईकवर गरजले, "ज्ञानोबांची आक्का! कडंच्या मंडळींनी पाय वर घ्यावेत!"

झेंडा पडला. आक्का सुटली. मुरूम उधळत, हौदा धडधडत, वाघिणीसारखी. आधीच्या सगळ्यांनी फक्की दिसताच वेग तोडला होता. आणि इथंच शंभूचा डाव होता. चांगला ब्रेक असलेल्या माणसाला उशिरापर्यंत पळता येतं. फक्की जवळ आली, शंभूनं पाय उचलला नाही. अजून जवळ आली, उचलला नाही. लोक उभे राहिले. आई, एवढं एक बघ, असं तो मनात म्हणाला आणि पेडल दाबलं.

पेडल घट्ट लागलं. लागायला पाहिजे तसंच लागलं. फक्त आक्का शेवाळावरच्या म्हशीसारखी पुढं सरकत राहिली. मागच्या चाकांना जुनेच ब्रेक होते. त्यांनी जुन्या सवयीनं थोडा प्रयत्न करून बघितला. आणि ओरडणं नाही. कुंई नाही, काही नाही. आक्का जन्मात एवढी शांत नव्हती.

"बा! थांबंना!"

"पर आवाज गेला का न्हाय?" ज्ञानोबा म्हणाला. समोरची दांडी धरून तो पाळण्यात बसल्यासारखा खुशीत होता.

"कशानं गेला?"

"वंगण घातलंय म्या! बैलगाडीचं नळकांडं आनलं हुतं घरनं. तू चिठ्ठी काढाय गेलतास तवा. त्या चकाकत्या थाळ्या हायेत न्हवं, मडगार्डाखालनं हात घालून दोनी अंगानं चोळल्या. चिमटीच्या आतल्या पट्ट्यास्नी बी बोटानं लावलंय."

पहिली रेघ गेली.

"ब्रेकला वंगण घातलंत?"

"मग काय कोरडी सोडू मैदानात?"

दुसरी रेघ गेली. रेघेवर झेंडा धरून बसलेल्या म्हाताऱ्यानं पाय वर घेतले.

"बा, हँडब्रेक! तुमच्या गुडघ्यापाशी! वढा!"

ज्ञानोबानं ओढला. दांडा मुळासकट त्याच्या हातात आला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. "ह्याला घालायचं ऱ्हायलं," तो म्हणाला.

यानंतर पाझर तलाव येतो. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही असं वर म्हटलं होतं. ते तसंच राहू द्यावं.

पाणी स्टिअरिंगला लागलं तेव्हा सगळं शांत झालं. काठावर लोक होते, पण त्यांचा आवाज लांबून येत होता. पाण्यावर वंगणाचे रंग पसरत होते, निळे, जांभळे. ज्ञानोबा आपल्या बोटांकडं बघत होता. तो काहीतरी हळूहळू जुळवत होता आणि ते जुळू नये असं शंभूला फार वाटत होतं.

"शंभू, वंगणानं चाक पळतं."

"व्हय बा."

"आन् तुला ते थांबवायचं हुतं."

"व्हय बा."

"म्हंजे म्याच..." त्यानं बोटं पाण्यात बुडवली. "अरं, म्या तिला ठेवायची ठरवली हुती सकाळीच. तू थांब, न थांब. ठरवली नसती तर नळकांडं कशाला आनलं असतं? भंगारात जानाऱ्या गाडीला कुनी वंगण घालतं का?"

शंभूनं उगीच पेडल दाबलं. ते अजून घट्ट होतं.

"काका!" बांधावरून गौरीशंकर ओरडला. "वल्ली असली तरी चालंल! सोमवारी येतो!"

"बा, शब्द मागं घ्या," शंभू म्हणाला. "ठेवायची ठरवली हुती म्हनता न्हवं?"

"ठरवणं मनातलं हुतं. शब्द भाईर गेलाय. आजवर म्या एक बी मागं घेतलेला न्हाय, आता ह्या वयात कसा घिऊ?" म्हाताऱ्यानं डोळे मिटले. गालावरनं आलेलं पाणी तलावाचं होतं असं धरून चालू. "आट हाय. फक्कीच्या आत थांबली तरच."

मग ज्ञानोबानं एक डोळा उघडला.

"फक्की कुनी आखली रं?"

"समितीनं."

"मग समितीच म्हनली, रेघ हितं न्हवती, पलीकडल्या काठाला हुती, तर म्या काय समितीच्या म्होरं जानार हाय का?"

महेश्वरी तोवर घोट्याएवढ्या पाण्यात येऊन उभी होती. नवरा आणि सासरा दोघंही जिवंत आहेत हे तिनं आधी बघून घेतलं, मग रडून घेतलं, मग पदरानं मोबाईल कोरडा केला.

"मामा, अर्ज करायचा का?"

"कर. लई नम्र कर."

"विषय काय घालू?"

दोघं पाण्यात बसून सांगत गेले, ती काठावरून टाईप करत गेली. वाकडंतिकडं ते सगळं तिनं आपल्या भाषेत सरळ केलं आणि ग्रामपंचायतीतून छापून आणलं. मंडपात बिभीषण आबांनी अर्ज न वाचताच मान हलवली, आडवी. तरी अर्ज आल्याची नोंद झाली पाहिजे म्हणून तिनं तो त्यांच्या माईकला चिकटवून ठेवला. अर्ज असा:

प्रति,
मा. अध्यक्ष,
जत्रा व शर्यत समिती, सास्तूर.

विषय : फक्कीची दुसरी रेघ पाझर तलावाच्या पैलतीरी असल्याचे पूर्वलक्षी प्रभावाने मान्य करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आमची पिकअप (आक्का) तलावात गेली असे काही झालेले नाही, असे समजण्यात यावे. तसे समजणे शक्य नसल्यास, ती जेथे थांबली ते ठिकाण मैदानातच धरण्यात यावे. ती पूर्णपणे थांबलेली आहे, याची खात्री समितीने केव्हाही पोहत येऊन करावी. ब्रेक नवीन असून त्यांचा दोष नाही. वंगण घालणाऱ्याचाही दोष नाही. सदर वंगण मायेपोटी घालण्यात आलेले आहे व मायेबाबत नियमावलीत तरतूद नाही.

वरीलपैकी काहीच समितीच्या अधिकारात बसत नसल्यास, येणारा सोमवार सास्तूर गावापुरता रद्द करून रविवारनंतर थेट मंगळवार धरण्यात यावा, व तसे सूर्यास लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.